पाव इंच जास्त भरलेली साखळी

बायकोच्या सायकलची साखळी साफ करायला मापसाहेबांना कुणी सांगितलं होतं का? नव्हतं. उलट शुक्रवारी जेवताना बाईंनी स्वच्छ शब्दांत बजावलं होतं, "उद्या बँकेतून आले की साखळी धुते, तेल घालते, झीज बघते आणि लवकर झोपते. तुम्ही काही करू नका." आता याहून सरळ वाक्य माणसाने बोलायचं तरी कसं? पण लग्नाला बरीच वर्षं झालेल्या नवऱ्याचे कान वेगळे असतात. मापसाहेबांनी ठरवून टाकलं की बायको घरी यायच्या आत साखळी अशी चकचकीत करून ठेवायची की तिने बघतच राहावं.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू, कापडवाल्यांच्या पट्ट्या, तेलवाल्यांची मापं यांच्यातली खोट शोधून काढायची, हे त्यांचं काम. आणि ते काम ते इतक्या मनापासून करत की सुट्टीच्या दिवशीही दूधवाला त्यांच्या दारात माप जरा जास्तच भरून ओतायचा. इमारतीने त्यांना हे नाव बहाल केलं, आणि त्यांनीही ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं.

तर या साखळीचं एवढं काय, असं कुणी विचारील. सांगतो. बाईंनी पन्नाशी उलटल्यावर सायकल हाती घेतली होती. साधीसुधी नव्हे, जाड टायरांची, डोंगर चढायची. सायकलवाल्यांच्या एका गटाबरोबर त्या गेल्या वर्षी डोंगर चढायला गेल्या आणि अर्ध्या चढावर त्यांची साखळी तुटली. बाकीची मंडळी वर पोचली आणि या सामानाच्या गाडीत पाण्याच्या कॅनच्या शेजारी बसून खाली आल्या. त्या दिवशी घरात त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग नवी साखळी बसवली आणि वर्षभर पहाटे उठून सराव केला. तोच डोंगर आता रविवारी पुन्हा चढायचा होता. मापसाहेबांना स्वतःला सायकल येत नव्हती. चढ तिचा तिलाच चढायचा होता, त्यात यांचा काडीचा उपयोग नव्हता. निदान साखळी तरी आपल्या हातून साफ होऊन जावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. हेतू चांगला होता हो. हेतूबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

बाई बँकेत गेल्या आणि साहेब कामाला लागले. साखळी कशी धुवावी याचे दोन-तीन व्हिडिओ बघून झाले. बादली, साबण, फडकी आणि न्हाणीघरातल्या ब्रशांपैकी सगळ्यांत झिजलेला एक ब्रश असा सरंजाम घेऊन ते सायकलसकट खाली गाड्या धुवायच्या जागी उतरले. सायकल उलटी करून ठेवली, बाह्या सरसावल्या, आणि तेवढ्यात इमारतीचे चिटणीस हजर झाले.

"साहेब, काय चाललंय?"

"साखळी धुतोय."

"इथे?"

"वाहनं धुवायची जागा हीच ना? पाटी तुम्हीच लावलीय."

"वाहनं म्हटलंय. सायकल वाहनात बसत नाही. मागच्या सभेत ठरलंय."

"मग ती कशात बसते?"

"ते अजून ठरायचंय. पुढच्या सभेत विषय घेतो."

"आणि सभा कधी?"

"विषय जमले की."

नियमाच्या माणसाने नियमाच्या माणसाशी भांडू नये, हे मापसाहेबांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी मुकाट्याने सायकल सुलटी केली आणि लिफ्टकडे वळवली.

"लिफ्टमध्ये वाहन नेता येत नाही," चिटणीस म्हणाले.

"अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात की हे वाहन नाही!"

चिटणीसांनी सायकल एकदा वरून खाली न्याहाळली. मग म्हणाले, "लिफ्टपुरतं ते वाहन आहे."

सायकल खांद्यावर घेऊन तिसरा मजला गाठेपर्यंत साहेबांच्या नाकी नऊ आले. दर वळणावर पेडल फिरायचं आणि त्यांच्या नडगीला एक टोला द्यायचं. बायको ही असली वस्तू हौसेने डोंगरावर नेते, याचं त्यांना त्या जिन्यात पहिल्यांदाच खरं आश्चर्य वाटलं.

मग घरातल्याच गॅलरीत सायकल उलटी झाली, साबणाचं पाणी झालं आणि घासायला सुरुवात झाली. समोरच्या दारात एक दंतवैद्य राहत. त्यांचा दवाखाना शनिवारी बंद असे, आणि दवाखाना बंद असला की डॉक्टरांना करमत नसे. घासण्याचा आवाज ऐकून ते उघड्या दारातून थेट गॅलरीतच आले.

"अरे अरे अरे! असं आडवं नाही घासायचं, साहेब! आडवं घासलं की सगळी घाण आत जाते. वरून खाली. हलक्या हाताने."

"असं?"

"हां. आता आतली बाजू."

"आत ब्रश पोचत नाही, डॉक्टर."

"सगळे हेच म्हणतात," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. मग घरी जाऊन ते बॅटरी आणि दातांत घालायचा तो छोटा आरसा घेऊन आले. खाली वाकून त्यांनी सायकलच्या मागच्या चक्राची सावकाश पाहणी केली. "दात उत्तम आहेत. एकही हललेला नाही. ब्रश मात्र केव्हाच बदलायला हवा होता. कुणाचा आहे हा?"

मापसाहेबांनी ब्रश उजेडात धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. ब्रश त्यांचाच होता. आणि तो जुना नव्हता, आज सकाळपर्यंत वापरात होता.

एवढ्यात खालच्या मजल्यावरून एक आरोळी आली. मापसाहेबांनी गॅलरीबाहेर डोकावून पाहिलं. साखळीतून निघालेलं काळंकुट्ट पाणी गॅलरीच्या कडेने ओघळून बरोब्बर खालच्या दोरीवरच्या एका पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकत होतं. आणि बरोबर मापसाहेबांच्या खालीच कोण राहत होतं, हे वेगळं सांगायला नको. थोड्याच वेळात चिटणीस तो सदरा दोन बोटांत धरून दारात उभे होते.

"सभेला घालायचा सदरा आहे हा माझा."

"द्या इकडे, मी धुऊन देतो," मापसाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. वाईट वाटलेल्या माणसाच्या हातात कधी साबण देऊ नये. त्यांनी घाईघाईने सदरा समोरच्या बादलीत बुडवला. ती बादली साखळीची होती. सदरा बाहेर आला तेव्हा त्यावर डाग असा एकही राहिला नव्हता. सगळाच राखाडी झाला होता.

"निदान एकसारखा तरी झाला," दंतवैद्य समजुतीच्या सुरात म्हणाले.

चिटणीसांनी सदरा घेतला, ते जिना उतरले, आणि खाली त्यांचं दार जरा जास्तच जोरात लागलं. पुढच्या सभेला एक विषय नक्की जमला होता.

पण साखळी! साखळी काय निघाली होती म्हणता! बाईंच्या केस वाळवायच्या यंत्राने साहेबांनी ती वाळवली. मग तेल. प्रत्येक कडीवर एकच थेंब टाकायचा आणि वरवरचं तेल पुसून घ्यायचं, नाही तर धूळ चिकटते, असं व्हिडिओत सांगितलं होतं. थेंबाला थेंब मोजून टाकणं म्हणजे मापसाहेबांच्या हातचं काम. पेडल फिरवलं तर चाक नुसतं कुजबुजत फिरू लागलं. दंतवैद्यांनीही मान डोलावली. साहेब इतके खूश झाले की इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो.

राहिली होती झीज. साखळी वापरून झिजते, म्हणजे तिच्या कड्या सैल पडत जातात आणि ती लांबते. मोजायची रीत सोपी. एक आतली कडी आणि एक बाहेरची मिळून एक इंच. अशा बारा जोड्या मोजायच्या, की नवी साखळी बरोबर बारा इंच भरते. एक अष्टमांश इंच जास्त भरली की साखळी बाद. तशी साखळी चढावर जोर लावला की घसरते, नाही तर तुटते. तुटते हा शब्द त्या व्हिडिओतल्या माणसाने फार सहज उच्चारला होता.

साहेबांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली, एक टोक पहिल्या कडीच्या खिळ्यावर धरलं आणि ताणून मोजलं. सव्वाबारा. पुन्हा मोजलं. सव्वाबारा. चष्मा पुसून, श्वास रोखून, दंतवैद्यांना दुसरं टोक धरायला लावून मोजलं. तरी सव्वाबारा.

"काढावी लागेल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. हे वाक्य बोलायची त्यांना सवय होती.

वर्षभरात पाव इंच? शक्यच नाही! मापसाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानदाराने जुनी साखळी नवी म्हणून गळ्यात मारली होती! आणि तीही कुणाच्या घरात? वजनमापे निरीक्षकाच्या! साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. हातापायाचं काळं न धुता त्यांनी कामाची बॅग उचलली आणि तरातरा बाजार गाठला.

आता साहेब बॅग घेऊन बाजारात आले की काय होतं, हे साहेबांना सोडून सगळ्या बाजाराला माहीत होतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तराजूवर पोतं टाकलं. कापडवाल्याने पट्टी टेबलाखाली सरकवली. धडाधड शटर ओढली जाऊ लागली, आणि साहेब सायकलच्या दुकानापर्यंत पोचले तेव्हा त्याचं शटर जमिनीपासून वीतभर उरलं होतं. साहेब भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले आणि त्या फटीत तोंड घालून ओरडले, "अहो, उघडा! मला साखळी हवीय!"

"साहेब, आमच्याकडे वजनकाटाच नाही!" आतून आवाज आला.

"मला काटा बघायचा नाहीये! मी गिऱ्हाईक म्हणून आलोय!"

"मागच्या वेळी त्या किराणावाल्याकडे पण तुम्ही असंच म्हणाला होतात!"

ते खरं होतं. मग त्यांनी आवाज शक्य तेवढा मऊ केला आणि बायकोची सायकल, उद्याचा डोंगर, झिजलेली साखळी असं सगळं त्या फटीतून आत सोडलं. आतला आवाजही मऊ झाला. "वहिनींच्या सायकलला लागते ती साखळी संपलीय साहेब. पुढच्या आठवड्यात येईल. आणि देवाशपथ, ती नवीच दिली होती."

येणारे-जाणारे थांबून बघत होते. काळ्या हातांनी, गुडघ्यांवर बसून बंद शटरशी बोलणारा सरकारी अधिकारी रोज बघायला मिळत नाही. साहेबांनी उठून पँट झटकली. एकच आशा होती. खात्याच्या कपाटात पोलादाची प्रमाणित पट्टी होती. तिने एकदा मोजलं की सोक्षमोक्ष लागला असता. ते तसेच ऑफिसवर गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि वाट अडवली.

"सुट्टीच्या दिवशी कुणालाच आत सोडायचं नाही, साहेब. निरीक्षकांनासुद्धा. तुम्हीच बजावलंय."

"मीच बजावलंय, बरोबर," साहेब म्हणाले. "शाब्बास." आणि ते मागे फिरले.

घरी परतताना त्यांची पावलं जड झाली होती. बायकोला काय सांगायचं? वर्षभर ती पहाटे उठली, गुडघे शेकत बसली, तरी एक दिवस चुकवला नाही. आणि आता आपण आपल्या तोंडाने सांगायचं की उद्या जाऊ नकोस. त्यातून मनात एक चोरटा विचार आला, की बरंच झालं. नाही गेली तर पडायची नाही, धडपडायची नाही, सुखरूप घरात राहील. तो विचार आल्याबरोबर साहेबांना स्वतःची लाज वाटली. पण तो आला होता खरा. भीती त्यांना गेल्या वर्षीही वाटली होती, आणि या वर्षी तर जास्तच वाटत होती.

बाई आल्या त्या आल्या साखळीकडे बघून जागच्या जागी थांबल्या. "अय्या! हे कुणी केलं?"

कुणी केलं हे सांगायची केवढी हौस होती सकाळी! आता साहेबांनी नुसती खुर्ची पुढे ओढली. दंतवैद्य अजून तिथेच होते, त्यांनी नजर चुकवून आरसा पुसायला घेतला.

"बस जरा," साहेब म्हणाले.

"का? कुणाला काय झालं?"

"साखळीला. झिजलीय गं. पाव इंच वाढलीय. बाजारात मिळत नाही. उद्या... उद्या नको जाऊस."

बाई खांद्यावरची बॅगही न काढता खुर्चीच्या कडेवर बसल्या. नुसत्या साखळीकडे बघत राहिल्या. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"वर्षभरात पाव इंच?" त्या म्हणाल्या.

"पुन्हा पुन्हा मोजलं. डॉक्टर साक्षीला आहेत."

"कशाने मोजलंत?"

"टेपने. तुझ्या शिवणाच्या डब्यातल्या."

बाईंनी मान वर केली. "पिवळ्या?"

"हो, पिवळ्या. का?"

"अहो, त्या टेपचं टोक मी केव्हाच कापून टाकलंय! टोकाचा पत्रा निघाला होता, सारखा बोटाला लागायचा. मग कापलं आणि दुमडून शिवून टाकलं. मी नेहमी एकच्या आकड्यापासून मोजते."

खोलीत इतकी शांतता पसरली की खालच्या मजल्यावर चिटणीस सदरा घासत होते तेही ऐकू आलं. मापसाहेबांनी टेप हातात घेतली. टोक नीट दुमडलेलं, पिवळ्याच दोऱ्याने सुबक शिवलेलं. आणि पहिला इंच? पहिला इंच पाऊणच होता. उभी हयात या माणसाने दुकानदारांना ऐकवलं होतं की मालाला नावं ठेवायच्या आधी पट्टी तपासा. शहरातल्या एका कापडवाल्याची पट्टी तर त्यांनी नुसत्या नजरेने पकडली होती. आणि स्वतःच्या घरातली टेप पाव इंच तोकडी निघाली.

बाईंनी टेप घेतली, एकचा आकडा खिळ्यावर धरला आणि साखळीवरून सरळ ताणली. बारा जोड्या बरोबर तेराच्या रेघेवर संपल्या. म्हणजे बारा इंच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. साखळी ठणठणीत होती. मापसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे काढायची गरज नाही," दंतवैद्य म्हणाले. त्यांचा थोडा विरस झाल्यासारखा वाटला.

बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळे पुसत. आता एवढं हसू येण्यासारखं काय होतं? साहेबांना राग यायला हवा होता, पण हसणारी बायको समोर असताना तो येईना. उलट त्यांना एक नवीच आशा वाटली. "अगं, मग माझ्या पँटी... माझी कंबर पण कमीच असेल ना?"

"तुमची कंबर मी एकपासूनच मोजलीय."

"हे सगळं या चार भिंतींतच राहू द्या, डॉक्टर," साहेब गंभीरपणे म्हणाले. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. संध्याकाळच्या आत इमारतीतल्या प्रत्येक घराने आपापली टेप तपासली होती.

रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी बरीच माणसं जमली होती. कुणाचा भाऊ, कुणाची बायको, कुणाचे आईवडील. सायकली वर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. सगळ्यांच्या हातात घड्याळं नाही तर फोन होते, आणि आपलं माणूस किती वेळात येतं याचे अंदाज बांधणं चाललं होतं. मापसाहेब मात्र सगळ्यांपासून जरा लांब, रस्ता वळतो तिथे जाऊन उभे राहिले. कुणी चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं.

पहिले काहीजण भन्नाट वेगाने उतरले. तरणी पोरं. मग आणखी काही. मग बराच वेळ कुणीच नाही. आणि मग वळणावरून सामानाची गाडी आली. साहेब धावतच गाडीकडे गेले आणि खिडकीतून आत डोकावले. आत पाण्याचे कॅन होते, एक सुटं चाक होतं, आणि झोपलेला एक मनुष्य होता.

"माझी बायको?" त्यांनी चालकाला विचारलं.

"तुमची कोण ती ओळखत नाही, काका. पण वरती एक बाई सगळ्यांना फोटो काढायला लावत होत्या. निघायचं नावच घेत नव्हत्या."

साहेब पुन्हा वळणाशी जाऊन उभे राहिले. आता बाकीच्यांची माणसं खाली येऊन पोचली होती, पाणी पीत होती, एकमेकांच्या पाठी थोपटत होती. रस्ता रिकामा होता. डोंगर चढणं ही बायकोची हौस, पण तो उतरणं ही आपली काळजी, हे साहेबांना तिथे उभ्या उभ्या नीट कळलं.

आणि मग ती दिसली. दोन्ही ब्रेक घट्ट धरलेले, केस विस्कटलेले, तोंडभर धूळ. सावकाश, अगदी सावकाश ती उतरत होती आणि लांबूनच ओरडत होती, "वर जाऊन आले हो! वरपर्यंत! एकदासुद्धा उतरले नाही!"

साहेबांनी पुढे होऊन सायकलचं हँडल धरलं. तिने त्यांच्या खांद्यावर हात टेकून पाय जमिनीवर ठेवला. कोपर धड, गुडघे धड, नाक धड. त्यांनी तिच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं आणि बाहीने डोळे पुसले.

शेजारी उभा असलेला एक गृहस्थ कौतुकाने जवळ आला. मघापासून तो घड्याळ हातात धरून आपल्या मेहुण्याची वेळ सगळ्यांना सांगत होता. "वा, वहिनी, वा! किती वेळ लागला हो यांना?"

मापसाहेबांच्या मनगटावर घड्याळ होतं. चांगलं होतं, सेकंदाचा काटाही बिनचूक होता.

"मोजला नाही," मापसाहेब म्हणाले.